एक रुपयाचा पिन आणि दरमहा कापले जाणारे पैसे

गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज आणि व्याजाचा हिशेब मोठ्याने वाचतो. दहा रुपयांचा मेळ बसला नाही तरी कोणी उठत नाही. पण आपल्या स्वतःच्या खात्यातून काय जातं, हे पुष्कळ जणींना बँकेत पासबुक भरून आणल्यावरच कळतं. म्हणून आज आम्ही खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल बोलणार आहोत.

अंबड, घनसावंगी, परतूर या भागातल्या गटांना भेटी देताना आम्हाला एकाच तऱ्हेची तक्रार ऐकू येते. मोबाईलवर मुलगा गाणी बघत असतो. मध्येच लाल पाटी येते, "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच साफ करा." पाटी दाबली की अँटीव्हायरसचं अॅप येतं. सांगतात, पहिले काही दिवस फुकट, फक्त खातं तपासायला एक रुपया भरा. ताई पिन टाकतात. एका रुपयाचं काय एवढं? मग फुकटचे दिवस संपतात आणि काहीशे रुपये कापले जातात. घाबरून अॅप काढून टाकतात, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे जातात.

यात चोरी झाली असं वाटतं. पण बँक म्हणते, तुम्हीच परवानगी दिली होती. ती कधी दिली? तो एक रुपयाचा पिन टाकला तेव्हा.

ही सोय ऑटोपे नावाने यूपीआयवर २०२० साली आली. एकदा पिन टाकून परवानगी दिली की ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप जातात. २०२२ पासून साधारणपणे पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या अशा रकमेला दर वेळी पिन लागत नाही. म्हणजे पहिला पिन हाच आपला अंगठा. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हे आपण गटात शिकलो. पिनचंही तसंच आहे. पिन टाकण्याआधी पडद्यावर किती रक्कम, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत, हे वाचायचं. वाचता आलं नाही तर वाचून घ्यायचं. तोवर पिन टाकायचा नाही.

अॅप काढून टाकल्याने परवानगी रद्द होत नाही. दुकानाची पाटी उतरवली म्हणून उधारीची वही फाटत नाही, तसं हे आहे. परवानगी जिथे दिली तिथेच ती रद्द करावी लागते. ज्या अॅपवरून आपण पैसे पाठवतो, त्यात आपल्या फोटोवर किंवा नावावर दाबा आणि ऑटोपे शोधा. तिथे चालू असलेल्या परवानग्यांची यादी दिसते. नको ती रद्द करा. प्ले स्टोअरवरून घेतलेलं असेल तर तिथेही फोटोवर दाबून पेमेंट आणि सदस्यत्वे या ठिकाणी जा. कार्डावरून किंवा खात्यावरून परवानगी दिली असेल तर बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मैत्रिणींनो, हे काहीशे रुपये एवढ्यापुरतंच नाही. आपल्यापैकी अनेकींचा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. त्याचे वर्षाचे ४३६ रुपये आणि अपघात विम्याचे २० रुपये हेही खात्यातून आपोआपच कापले जातात, मे महिन्याच्या अखेरीस. त्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा पुढे चालू राहत नाही. अँटीव्हायरसच्या नावाने मे महिन्यात खातं रिकामं झालं आणि नंतर घरात वाईट प्रसंग आला, तर मागे राहणाऱ्यांचे दोन लाख बुडतात. म्हणून आपोआप जाणारा प्रत्येक पैसा वाईट नाही. विम्याची परवानगी चुकून रद्द करू नका. कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, हे आपण ठरवायचं.

आपल्या बाजूने नियमही आहेत. असे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी कळवलं पाहिजे आणि नको म्हणायची सोय दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो मेसेज जातो खात्याला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा असेल तर आपल्याला कसं कळणार? आपल्या खात्याला आपलाच नंबर जोडून घ्या.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी काढली आणि त्यांना मनाई केली. फुकट म्हणून सांगायचं आणि त्यासाठी आधीच पैसे कापण्याची परवानगी घ्यायची, बंद करायचं बटण लपवायचं, हे सगळं त्या यादीत आहे. ही तक्रार फक्त आपल्या खेड्यातली नाही. २००९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सिमँटेक आणि मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या दोन मोठ्या कंपन्यांना याच कारणावरून प्रत्येकी पावणेचार लाख डॉलर भरावे लागले. ग्राहकांना नीट न सांगता नूतनीकरणाचे पैसे कापले, अशी तक्रार होती. शिकलेली माणसंही यात अडकतात, तेव्हा लाजून गप्प बसू नका.

आणखी एक. अँड्रॉइड फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट आणि विंडोजच्या संगणकात डिफेंडर हे संरक्षण आधीपासूनच असतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ग्रामसंघाच्या संगणकाला विकतचं अँटीव्हायरस हवंच असेल, तर बैठकीत ठराव करून, पावतीसह, एका वर्षापुरतं घ्या. पुढच्या वर्षी हवं तर पुन्हा ठरवू.

"तुमचं अँटीव्हायरस संपलं, हजारो रुपये कापले जातील, थांबवायला या नंबरवर फोन करा," असा मेसेज आला तर फोन करू नका. ते दुसऱ्याला आपला फोन बघू देणारं अॅप टाकायला लावतात. तसे पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. कंपनी परवानगी रद्द करत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने भरलेलं पासबुक आणावं, ही आमची विनंती. शिल्लक कोणाला दाखवायची गरज नाही. फक्त आपोआप कापलेल्या रकमांवर पेन्सिलने खूण करू. जी खूण ओळखीची नाही, तिचा शोध बैठक संपायच्या आत घेऊ.