ठोकळ्यांतलं गणित, ठोकळ्यांतली भाषा



तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीच्या दिवशी मोहल्ल्यातल्या मुलांचा अभ्यास घेता. म्हणून हे सांगतो.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने 1958 साली आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. नेहमीच्या ठोकळ्यावर आठ बटणं असतात. चार झाकली की अर्धा, दोन झाकली की पाव. अपूर्णांक बोटांना कळतो. एकाच रंगाचे असे दोन ठोकळे 24 प्रकारे जोडता येतात, आणि सहा ठोकळे 91 कोटींहून अधिक प्रकारे! भिंत रचताना सांध्यावर सांधा आला तर ती दुभंगते. गवंडी हे जाणतो, तेच विज्ञान.

आता दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने रचून सांगायचं, दुसऱ्याने ऐकून तेच उभारायचं. मराठी असो वा उर्दू, भाषा नेमकी व्हावीच लागते.

फळ्यासमोर गप्प राहणाऱ्या मुलाला आपण पटकन 'कच्चा' ठरवतो. हा शिक्का बसलेली मुलं अनेकदा शाळेपासूनच दूर जातात. त्याच्या हातात ठोकळे द्या. महाग वाटले तर रिकाम्या काड्यापेट्या चालतील. मग विचारा, 'हे कसं केलंस?' आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा.