आधी कॅन वाचा, मग पंप घ्या

उज्जैनचं भैरवगढ म्हटलं की आपल्याला आधी कालभैरव आठवतो आणि मग बाटिकच्या चादरी. मी मात्र आज तिथल्या रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरबद्दल बोलणार आहे. 11 ऑक्टोबर 2022 ला महाकाल मंदिराभोवतीच्या ‘महाकाल लोक’ परिसराचं लोकार्पण झालं आणि उज्जैनला बाहेरगावच्या गाड्यांची रीघ लागली. 2028 चा सिंहस्थही जवळ येतो आहे. त्यामुळे पैसे भरायचे, गन उचलायची आणि आपली गाडी आपणच धुवायची, असं केंद्र काढायचं अनेकांच्या मनात आहे. अशी मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शाम्पूसाठी कोणता पंप घेऊ?

माझा उलटा प्रश्न असतो, कॅनमध्ये काय आहे? पंपाची लोखंडी बाजू सहसा बिघडत नाही, बिघडतात त्याची रबरं. आणि रबराचं आयुष्य त्यातून वाहणाऱ्या रसायनावर ठरतं.

ही गोष्ट भैरवगढच्या छिपांना, म्हणजे कापड छापणाऱ्यांना, सांगावी लागत नाही. रंगाच्या कामात कॉस्टिक सोडा हाताळणारा माणूस तो ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवत नाही, कारण भांडंच खाल्लं जातं. पंपाचंही तसंच आहे. फोमचा शाम्पू बहुधा अल्कलीधर्मी असतो. त्याला ईपीडीएम नावाचं रबर मानवतं, तर व्हायटॉन हे दुसरं रबर तीव्र अल्कलीत हळूहळू कडक होऊन तडकतं. डिझेल, केरोसीन, ऑइल यांचं बरोबर उलटं: तिथे व्हायटॉन टिकतं आणि ईपीडीएम फुगतं.

एका केंद्रात एका पावसाळ्यात तीनदा नवा पंप बसला. मालक पंप बनवणाऱ्यांवर चिडले होते. मी पंपाचं हेड उघडलं तर व्हॉल्व्हचं रबर फुगून लिबलिबीत झालेलं. चौकशी केली तेव्हा कळलं की दिवसभर शाम्पू ओढणाऱ्या त्याच पंपाने संध्याकाळी गाड्यांच्या पोटाला डिझेलचा फवारा मारला जात होता. पंपात दोष नव्हताच. एका रसायनाला एक पंप, हा नियम तिथे पाळायला हवा होता.

चाकं चकचकीत करणारं ॲसिड हा आणखी गंभीर विषय. कॅनवर फ्लोराइडचा उल्लेख असेल तर ते काच आणि सिरॅमिक दोन्ही खातं, म्हणजे पंपातल्या सिरॅमिकच्या गोळ्याही खातं. त्याहून वाईट म्हणजे ते कातडीतून आत शिरतं आणि वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होतात. ज्या केंद्रात कुणीही येऊन गन हातात घेणार, तिथे हे रसायन ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आकार. समजा, गनमधून मिनिटाला 10 लिटर पाणी जातं आणि शाम्पू शंभराला एक या प्रमाणात हवा आहे. म्हणजे मिनिटाला 100 मिलिलिटर, तासाला 6 लिटर. इथे तासाला 10 लिटरचा डोसिंग पंप, म्हणजे ठरलेली मात्रा सोडणारा पंप, नेमका बसतो. ‘मोठा घेतला तर कामाला येईल’ म्हणून 50 लिटरचा घेतलात, तर त्याला कायम अगदी तळाच्या आकड्यावर चालवावं लागतं आणि तिथे मात्रा धड राहत नाही. कधी फोम पाणचट, कधी नुसतं रसायन. ते जास्तीचं रसायन गाडीच्या रंगावर बसतं, तुमच्या खर्चात बसतं, आणि सांडपाणी नीट अडवलं नाही तर क्षिप्रेकडे जातं. भैरवगढला नदी अगदी हाताशी आहे. सिद्धवटाच्या घाटावर लोक पितरांचं तर्पण करतात. अचूक मात्रेचा माझा आग्रह यासाठीही आहे.

पंप कुठे जोडायचा, हेही आधी ठरवा. शंभर बारच्या प्रेशर लाइनमध्ये छोटा डोसिंग पंप रसायन ढकलू शकत नाही. तो कमी दाबाच्या बाजूलाच जोडावा. नळी दाबत पुढे सरकणारा पेरिस्टाल्टिक पंप मला अशा केंद्रांसाठी आवडतो, कारण रसायन फक्त नळीलाच लागतं आणि नळी बदलणं कुणालाही जमतं. पण तो जास्त दाब सोसत नाही, आणि नळी फुटायची वाट न बघता ती आधीच बदलावी लागते.

जुना पंप काढायच्या आधी मात्र थांबा. फोम पातळ झाला म्हणजे पंप मेला असं नाही. कॅनमधली जाळी चोंदली आहे का? ओढणाऱ्या नळीत बुडबुडे दिसतात का? दिसत असतील तर एखादा जोड हवा घेतो आहे. माळव्यात बोअरचं पाणी बहुधा जड, त्यामुळे व्हॉल्व्हवर पांढरी खपली धरते आणि तो मिटत नाही. व्हॉल्व्ह साफ केला की तोच पंप पुन्हा चालतो. हेडच्या खालच्या छिद्रातून रसायन टपकत असेल तर आतला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला आहे. तेव्हा रबराचं किट बदला. मोटरच्या बाजूला रसायन शिरलं असेल, तरच नवा पंप घ्या.

पंप उघडण्यापूर्वी दहा मिनिटं स्वच्छ पाणी चालवा, वीज बंद करा, दाब सोडा, चष्मा आणि हातमोजे घाला. ॲसिड ओढलेल्या पंपात ब्लीचिंगचं द्रावण कधीही घालू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. पंपाच्या खोलीत काम करणारा पोरगा बहुधा सतरा-अठरा वर्षांचा असतो. त्याला हे मालकाने स्वतः सांगायला हवं.

ज्यांचं सेंटर आज चालू आहे, त्यांनी उद्या सकाळी एवढं करा. ओढणारी नळी शाम्पू भरलेल्या मोजपात्रात सोडा, घड्याळ लावून पंप एक मिनिट चालवा, किती मिलिलिटर गेले ते पाहा आणि तो आकडा तारखेसह पंपाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा. दर महिन्याला पुन्हा मोजा. आकडा सरकायला लागला की किट मागवा, पंप बंद पडायची वाट पाहू नका.