बुडत्या कंपन्या आणि बदलत्या भूमिका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असं छापलंय. संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची वीस मिनिटं मी भूमिका बदलणाऱ्यांबद्दलच बोलणार आहे.

प्रश्न साधा आहे. एखादी मोठी कंपनी बुडायला लागली की सरकारने तिला करदात्यांच्या पैशातून वाचवायचं की बुडू द्यायचं? आणि जे पुढारी काल 'एक पैसा देऊ नका' म्हणत होते, ते आज 'देशहितासाठी द्यायलाच हवा' असं कसं म्हणू लागतात? हा खेळ मी एकदा फार जवळून पाहिला. २००८ साली मी अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय गावात होते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या संगणक प्रणालीवर आमचं पथक काम करत होतं. मोटार कंपन्यांकडून येणारी पुढच्या आठवड्यांची मागणी आमच्या पडद्यावर दिसायची.

त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या मध्यावर लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. सरकारने तिला वाचवलं नाही. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला मात्र ८५ अब्ज डॉलर देऊ केले. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन त्या सकाळी टीव्हीवर म्हणत होते की एआयजीला करदात्यांनी वाचवायचं कारण नाही. एका दिवसात त्यांचा सूर मवाळ झाला, सरकारचा नाइलाज होता म्हणाले. मग आला ७०० अब्ज डॉलरचा कायदा. अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांचा पहिला मसुदा अवघ्या तीन पानांचा होता. इतके पैसे आणि तीन पानं! आपल्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायचा अर्ज याहून लांब असतो.

२९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने तो कायदा २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळला. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या स्वतःच्या पक्षातल्या दोनतृतीयांश सदस्यांनी विरोधात मत दिलं. त्या एका दिवसात डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी घसरला. ३ ऑक्टोबरला तोच कायदा २६३ विरुद्ध १७१ ने मंजूर झाला. चार दिवसांत बाजूची मतं ५८ ने वाढली.

या चार दिवसांत काय झालं ते बघण्यासारखं आहे. आधी लोकांचे फोन येत होते, की वॉल स्ट्रीटच्या लबाडांना आमचा पैसा देऊ नका. शेअर बाजार कोसळल्यावर त्याच लोकांना आपली निवृत्तीची पुंजी वितळताना दिसली आणि फोनचा सूर बदलला. शिवाय कायदाही बदलला. तीन पानांचा साडेचारशे पानांचा झाला. बँकेतल्या ठेवींचं विमा संरक्षण एक लाखावरून अडीच लाख डॉलरवर नेलं, ते चांगलंच. पण त्याच पानांत मोटारशर्यतींच्या मैदानांना करसवलत आली, लहान मुलांच्या खेळातल्या लाकडी बाणांवरचा करही माफ झाला. जगाची अर्थव्यवस्था बुडायला आलीय आणि सभागृह लाकडी बाणांचा विचार करतंय! ज्यांचं मत फिरलं त्यांतल्या कोणाचं भीतीने फिरलं, कोणाचं पटल्यामुळे आणि कोणाचं बाणांमुळे, हे बाहेरच्या माणसाला कळायचा मार्ग नाही. आमच्या धंद्यात प्रोग्रामची एक ओळ बदलली तरी ती का बदलली हे दोन वाक्यांत लिहून ठेवावं लागतं, नाहीतर वरिष्ठ ती परत पाठवतात.

आता मोटारींकडे येते. नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तेही स्वतंत्र खासगी विमानांतून. लोक इतके खवळले की पुढच्या खेपेला ते डेट्रॉईटहून मोटारीने आले. त्याच सुमारास मिट रॉम्नी यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. मथळा होता, डेट्रॉईटला दिवाळखोरीत जाऊ द्या. रॉम्नी जन्माने डेट्रॉईटचे. त्यांचे वडील एका मोटार कंपनीचे प्रमुख आणि पुढे मिशिगनचे गव्हर्नर. म्हणजे घरच्याच माणसाने दार लावावं तसं आमच्या ऑफिसातल्या लोकांना वाटलं. लेख नीट वाचला तर त्यात कंपन्या बंद करा असं नव्हतं, न्यायालयाच्या देखरेखीखाली त्यांची फेररचना करा असं होतं. पण मथळा लोकांच्या लक्षात राहिला.

१० डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने मोटार कंपन्यांच्या मदतीचा कायदा २३७ विरुद्ध १७० ने मंजूर केला. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये तो अडला. ६० मतं हवी होती, ५२ पडली. अडवणाऱ्यांत पुढे होते अलाबामाचे रिचर्ड शेल्बी आणि टेनेसीचे बॉब कॉर्कर. दोघे मुक्त बाजाराबद्दल फार पोटतिडकीने बोलले. पण अलाबामात मर्सिडीज, होंडा आणि ह्युंदाईचे कारखाने आहेत, टेनेसीत निसानचा आहे, फोक्सवॅगनचा तेव्हा नुकताच ठरला होता. ते आपल्या राज्यात यावेत म्हणून तिथल्या सरकारांनी भरघोस सवलती दिल्या होत्या. तोही जनतेचाच पैसा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

उलट बाजूही बघा. विस्कॉन्सिनचे पॉल रायन हे सरकारी खर्चाचे कट्टर टीकाकार. त्यांनी मदतीच्या बाजूने मत दिलं, कारण त्यांच्या मतदारसंघात जेन्सव्हिलला जनरल मोटर्सचा कारखाना होता. मदत मंजूर होऊनही तो कारखाना वाचला नाही. २३ डिसेंबरला तिथून शेवटची एसयूव्ही बाहेर पडली. चार वर्षांनी उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाल्यावर याच कारखान्याचं नाव घेऊन रायन यांनी ओबामांवर टीका केली.

ते दिवस आमच्याकडे कसे होते ते थोडक्यात सांगते. क्रायस्लरने १९ डिसेंबरपासून निदान महिनाभरासाठी आपले सगळे कारखाने बंद ठेवले. आमच्या पडद्यावर त्यांच्या रकान्यात ओळीने शून्यं दिसू लागली. आधी आम्हाला वाटलं प्रणाली बिघडली. तपासलं तर प्रणाली ठणठणीत होती. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ, तीस वर्षं त्याच कंपनीत काढलेले, त्या शून्यांकडे बघत बसायचे. फोर्डने सरकारचे हे कर्ज घेतलं नाही, तरी फोर्डचे प्रमुख ॲलन मुलाली बाकीच्या दोघांसाठी रदबदली करत होते, कारण सुटे भाग पुरवणारे तेच ते होते. जनरल मोटर्स पडली असती तर ते पुरवठादार पडले असते आणि त्यांच्या मागोमाग फोर्डची असेंब्ली लाईन थांबली असती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे एका वाक्यात येतं. आम्ही ते शून्यांत वाचत होतो.

शेवटी बुश यांनी बँकांसाठीच्या त्याच ७०० अब्जांतून मोटार कंपन्यांना १७.४ अब्ज डॉलर दिले. बाजारव्यवस्था वाचवण्यासाठी मी बाजाराची तत्त्वं बाजूला ठेवली, अशा अर्थाचं ते बोलले. मला हा माणूस फारसा आवडत नसे, पण या एका बाबतीत मी त्यांना मानते. भूमिका बदलली, बदलली हे कबूल केलं, कारण सांगितलं, आणि निवडणूक संपलेली असल्याने त्यात त्यांचा काही फायदाही नव्हता.

पुढे ओबामांनी जास्त कडक केलं. मार्च २००९ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रमुखांना पायउतार व्हायला लावलं. जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही, कामगारांनी पगार आणि सवलतींवर पाणी सोडलं. सरकार सुमारे ६० टक्क्यांचं मालक झालं आणि डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअर विकून बाहेर पडलं. मोटारउद्योगासाठी एकूण सुमारे ८० अब्ज डॉलर गुंतवले, त्यात नऊएक अब्जांचा तोटा झाला. मिशिगनमध्ये २००९ साली बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली होती, तेव्हा मला तो सौदा महाग वाटत नाही. आणि २०१२ मध्ये, उद्योग सावरल्यावर, रॉम्नी म्हणाले की याचं बरंचसं श्रेय मी घेतो! मिशिगनच्या मतदारांनी काही ते दिलं नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांशी संबंधित आहे, ती सांगायलाच हवी. फेब्रुवारी २००९ च्या कायद्यात बर्नी सँडर्स आणि चक ग्रासली या दोन सिनेटरांचं एक कलम घातलं गेलं. एक डावे, एक उजवे. ज्या कंपन्यांनी ही मदत घेतली, त्यांना एच-१बी व्हिसावर नवी माणसं घ्यायची तर आधी अमेरिकी माणूस शोधल्याची आणि कोणा अमेरिकी माणसाला काढून ही जागा भरत नसल्याची जादा हमी द्यायला लागली. कलम दोन वर्षांचं होतं. आमच्या मराठी मित्रमंडळींत तेव्हा फार चिडचिड झाली. मलाही ते आवडलं नाही, माझाच व्हिसा होता तो. पण पैसा ज्यांचा, अट त्यांची, एवढं मला मान्य करावं लागलं. गंमत म्हणजे त्याच कायद्यात आधी ठरलेले बोनस वाचवणारी सूटही होती. महिन्याभरात एआयजीने साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस दिल्याचं बाहेर आलं आणि प्रतिनिधिगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर लावायचा ठराव ३२८ विरुद्ध ९३ मतांनी संमत केला. त्यातल्या कित्येकांनी महिन्यापूर्वी ती सूट असलेल्या कायद्याला मत दिलेलं होतं.

आता घरी येऊ या. २०२१ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान म्हणाले की धंदा करणं हा सरकारचा धंदा नव्हे. त्याच सप्टेंबरमध्ये दूरसंचार कंपन्यांना थकबाकीवरचं व्याज शेअरच्या रूपात सरकारला देण्याची मुभा मिळाली. आज तुमच्यापैकी ज्यांच्या फोनमध्ये व्होडाफोन आयडियाचं सिमकार्ड आहे, त्या कंपनीत सरकारचा वाटा २०२५ मध्ये ४८.९९ टक्क्यांवर गेला. विरोधकांनीही फार हसू नये. एअर इंडियाला २०१२ साली सुमारे ३० हजार कोटींचं भांडवल देण्याची योजना त्यांच्याच काळातली. दूरसंचार क्षेत्रात दोनच खासगी कंपन्या उरू नयेत, हे कारण मला पटतंही. पण ते कारण आणि फेब्रुवारीतलं वाक्य यांचा मेळ कोणीतरी बसवून दाखवायला हवा होता.

आणि शेवटी तो विषय, जो या मांडवात सगळ्यांच्या मनात आहे आणि ज्यावरून आपल्या ग्रुपवर दोन जणांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय. आपला कारखाना. दोन हंगाम गाळप नाही. शासनाची थकहमी मिळाली तर कर्ज मिळेल आणि बॉयलर पेटेल असं सांगतात. थकहमी म्हणजे कारखान्याने कर्ज फेडलं नाही तर ते सरकारच्या तिजोरीतून फेडलं जाणार. आपल्यापैकी निम्म्यांची शिक्षणं ऊसबिलांवर झाली. मीही त्यातलीच, माझी इंजिनिअरिंगची फी कारखान्याच्या हप्त्यातूनच भरली गेली. त्यामुळे 'बुडू द्या' असं मला सहज म्हणता येत नाही.

जे विरोधात असताना थकहमीला लूट म्हणत होते आणि पक्ष बदलल्यावर तिला शेतकऱ्यांचं हित म्हणू लागले, त्यांच्या जुन्या चित्रफिती तुम्ही ग्रुपवर टाकता. टाका, करमणूक होते. पण चित्रफितीने कोणाचं थकलेलं बिल निघत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जनरल मोटर्सला पैसे देताना अध्यक्षाला घरी पाठवलं. आपल्याकडे कारखाना बुडाला तरी संचालक मंडळ तेच, थकहमी आली तरी तेच, आणि निवडणुकीत पॅनेलही तेच. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. नव्या कर्जातून आधी ही एफआरपी द्यायची की आधी बँकेची जुनी बाकी भागवायची, हे कोण ठरवणार? कामगारांच्या थकलेल्या पगाराचं काय? तोडणी-वाहतुकीच्या उचलीचा हिशेब कुठे आहे?

पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. या मांडवात निदान साठ-सत्तर घरं सभासदांची असतील. सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणून अर्ध्या तासात उठायची आपली पद्धत आहे. या वेळी थकहमीच्या ठरावाची पूर्ण प्रत आधी मागा, अटींसकट. ताळेबंद छापील अहवालात असतो, तो सभासदाच्या घरी आलाच पाहिजे. ज्यांच्याकडे मागच्या पाच वर्षांचे अहवाल असतील त्यांनी जेवणानंतर मला भेटा, फोटो काढून दिलेत तरी चालेल. आकडे एका तक्त्यात मांडून सभेच्या आधी ग्रुपवर टाकायचं काम माझं.