वाळूवरचा प्रकाश : सकाळचा की सायंकाळचा?

वाळवंटाचे छायाचित्र सूर्योदयी घ्यावे की सूर्यास्ती, हा प्रश्न बहुधा रंगाचा म्हणून विचारला जातो. वास्तविक रंगाच्या बाबतीत दोन्ही वेळा सख्ख्या बहिणीच होत. सूर्य क्षितिजाशी असला म्हणजे त्याच्या किरणांना हवेतून लांबचा पल्ला काटावा लागतो. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि तांबूस-पिवळा तेवढा वाळूपर्यंत पोहोचतो. हे सकाळीही घडते नि सायंकाळीही. निवड करावयाची ती सावलीची. आणि सावली कोठे पडावी हे ठरविणारा सूर्याइतकाच समर्थ असा दुसरा कारागीर म्हणजे वारा.

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर सम येथील वाळूच्या टेकड्या आहेत. थरच्या या भागात जोराचा वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून वाहतो. तो वाळूचे कण टेकडीच्या अंगावरून ढकलीत माथ्यापर्यंत नेतो आणि पलीकडे लोटून देतो. त्यामुळे येथील पुष्कळ टेकड्यांची नैऋत्येची बाजू मंद चढणीची असते, तर ईशान्येची एकदम उतरती, सुमारे ३२ ते ३४ अंशांची. कोरड्या वाळूला त्याहून अधिक उभे राहणे जमतच नाही. या दोन बाजूंच्या सांध्यावर सुरीच्या पात्यासारखी जी धार उमटते, तिच्याच मोहाने छायाचित्रकार तेथवर येतो.

प्रवासी बहुधा हिवाळ्यात येतो, आणि तोही एका रात्रीपुरता. जानेवारीत सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेकडे उगवतो व पश्चिमेच्या तितकाच दक्षिणेकडे मावळतो. म्हणून सायंकाळी मंद चढणीवर प्रकाश जवळजवळ समोरून येतो आणि पलीकडचा उतार संपूर्ण सावलीत जातो. धारेच्या अलीकडे सोने, पलीकडे आकाशाची निळाई किंचित प्यालेला काळोख! सकाळी मात्र किरण धारेच्या लांबीला थोडेसेच तिरपे येतात. दोन्ही अंगांना थोडाथोडा उजेड मिळतो आणि धार बोथट दिसते. पहाटे उठणाऱ्यालाच चित्र लाभते, ही सरसकट शिकवण येथे लंगडी पडते.

पहाटेचा कैवार घेणारे कोऱ्या वाळूचा दाखला देतात. रात्रीचा वारा पाऊलखुणा पुसून टाकतो, असे ते म्हणतात. वारा असला तर तो पुसतो खरा. परंतु हिवाळ्यातील पुष्कळ रात्री शांत असतात, आणि मग आदल्या सायंकाळी उंटांनी व माणसांनी तुडविलेली वाळू सकाळी तशीच समोर येते. कोरी वाळू हवी असेल तर वेळ बदलण्यापेक्षा तंबूंच्या गर्दीपासून दूर चालत जाणे अधिक उपयोगाचे.

तरीही पहाटेचा एक हक्क मान्य केलाच पाहिजे, तो वाळूवरील बारीक लहरींचा. क्षितिजापासून ५ अंशांवर असलेला सूर्य वस्तूच्या उंचीच्या ११ पटींहून लांब सावली पाडतो. १० अंशांवर ती पावणेसहा पटींच्या आसपास येते. बोटभर उंचीच्या लहरीही अशा प्रकाशात उठून दिसतात. मात्र प्रकाश त्यांना आडवा गेला पाहिजे. लांबीच्या दिशेने गेला की त्या विरून जातात. लहरींची दिशा शेवटच्या वाऱ्याने ठरते. ती पडताळावयाची ती सायंकाळी, उजेडात. कारण पहाटे जागा अंधारात चाचपडत गाठावी लागते. जैसलमेर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून इतके पश्चिमेला आहे की, जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. तेव्हा उठण्याचे कष्ट वाटतात तितके नाहीत. सूर्य १० अंश वर चढावयास जेमतेम पाऊण-एक तास लागतो, आणि नंतर वाळू सपाट दिसू लागते.

एकच वेळ साधावयाची असेल, तर समच्या टेकड्यांसाठी सायंकाळच पत्करावी. आणि सूर्य बुडताच उंट परतू लागले, तरी तिपाई उचलू नये. पूर्वेकडे क्षितिजालगत पृथ्वीची स्वतःचीच करड्या-निळ्या रंगाची सावली वर चढू लागते, तिच्या माथ्यावर गुलाबी पट्टा उमटतो, आणि इतका वेळ काळ्याभोर सावलीत असलेला ईशान्येचा उतार मंद, सावलीवाचूनच्या उजेडात हळूहळू उलगडत जातो.