स्वरलिपीचे मुद्रण : एका बिंदूचे मोल

(संगीत शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपले संगीत ही गुरुमुखातून ऐकून कंठात साठवायची विद्या आहे, अशी आपली धारणा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तेवढ्यावरून आपल्याकडे स्वर लिहून ठेवण्याची परंपराच नव्हती, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ द्यावी, असा स्पष्ट संकेत त्या ग्रंथात आहे. सुमारे साडेसहाशे वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, पुण्याच्या आनंदाश्रमाने तो ग्रंथ छापून सर्वांच्या हाती दिला.

युरोपात संगीताचे मुद्रण हे एक स्वतंत्र शास्त्रच बनले. व्हेनिसच्या पेत्रुची या मुद्रकाने १५०१ मध्ये बहुस्वरी गीतांचा पहिला संग्रह खिळ्यांनी छापला. रेषा, स्वर आणि शब्द परस्परांशी नेमके जुळावेत म्हणून तोच कागद त्याला एकाहून अधिक वेळा यंत्रातून काढावा लागे. पुढे मऊ धातूच्या पत्र्यावर ठशांनी स्वरचिन्हे उलटी कोरण्याची कला विकसित झाली आणि लाइपझिग नगरी त्यासाठी विख्यात झाली. आपल्या मुद्रणशाळांत शिळाछापाचे जे तंत्र आले, त्याच्या जनकाने, सेनेफेल्डरने, आरंभीच्या काळात संगीताची पानेच छापली होती.

आपल्याकडे हे कार्य प्रामुख्याने दोन विष्णूंनी केले. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीबद्ध पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर भ्रमण करून, जयपूर-रामपूरच्या घराणेदार खाँसाहेबांकडून चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग सिद्ध केले. एरवी वंशपरंपरेच्या कुलपात राहिलेली दीड हजारांहून अधिक बंदिशींची संपत्ती त्यांनी सामान्य विद्यार्थ्याच्या झोळीत घातली. आणि ही मालिका मराठी भाषेत घडली, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

दोघांनीही विलायती पाच रेषा न स्वीकारता सा, रे, ग, म ही आपली अक्षरेच आधारभूत मानली. भातखंडे यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू, अशी सुटसुटीत योजना केली. पलुस्करांनी मात्र शार्ङ्गदेवाची रीत पत्करली: मंद्रावर बिंदू आणि तारावर उभी रेघ. म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा तोच बिंदू एका पुस्तकात तार सप्तक दाखवतो, तर दुसऱ्यात मंद्र! समेसाठी भातखंडे पद्धतीत गुणाकाराची फुली आहे, तर पलुस्कर पद्धतीत अधिकाचे चिन्ह खालीचे आहे. पद्धत न सांगता छापलेले पान विद्यार्थ्याला कुठे नेऊन सोडील, याची कल्पना आपण करू शकता.

जुळाऱ्याचे कष्टही ध्यानी घ्या. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आधीच वर-खाली दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यातच स्वराखाली रेघ, तिच्याखाली एका मात्रेतील स्वरांना जोडणारी कमान, वर बिंदू, त्यावर मींडेची कमान, आणि खालच्या ओळीत गीताचे अक्षर नेमके आपल्या स्वराखाली! खिळा केसभर सरकला की शब्द वेगळ्याच मात्रेवर जाऊन बसतो.

आज खिळे गेले, संगणक आला. पण संकट टळले नाही, उलट ते अधिक सूक्ष्म झाले आहे. अनेक जण कोमल स्वर दाखवण्यासाठी संगणकातील अधोरेखनाची सोय वापरतात. तो मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना अधोरेखन गळून पडते, अक्षरे मात्र शाबूत राहतात. परिणाम काय होतो? भैरवीच्या रे, ग, ध, नि यांखालच्या रेघा गेल्या की उरतो तो बिलावलचा स्वरसमूह! यमनाच्या मध्यमावरची रेघ गेली तरीही तेच. पान स्वच्छ आणि सुबक दिसते, राग मात्र मेलेला असतो. छपाईतली अन्य चूक वाचकाला चटकन खटकते. ही चूक शिकाऊ विद्यार्थी प्रामाणिकपणे गळ्यात बसवतो.

‘दरबारीचा गंधार आणि बागेश्रीचा गंधार कागदावर एकच दिसतात, मग ही लिपी हवी कशाला?’ असा आक्षेप काही ज्येष्ठ गायक घेतात. आक्षेप खरा आहे. दरबारीच्या गंधाराचे आंदोलन गुरूच शिकवील. परंतु लिपी ही गुरूची जागा घेण्यासाठी नाहीच. गुरूच्या पश्चात बंदिशीचा सांगाडा तरी शाबूत राहावा, एवढेच तिचे काम आहे. आणि सांगाडाच मोडका निघाला, तर त्यात प्राण फुंकायचा कसा?

म्हणून आपणा शिक्षकांना माझी तीन नम्र सूचना करण्याची इच्छा आहे. प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी चिन्हांची सूची असावी, मग ते पुस्तक कितीही लहान असो. मुद्रिते केवळ डोळ्यांनी न तपासता प्रत्यक्ष गाऊन तपासावीत. चुकलेला कोमल स्वर डोळ्याला दिसत नाही, कानाला टोचतो. आणि संगणकावर लिहिताना सजावटीचे अधोरेखन टाळावे. वेदमंत्रांतील अनुदात्ताची आडवी रेघ युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून उपलब्ध आहे. ती अक्षराला जोडली, की अक्षराबरोबरच प्रवास करते.

एका अक्षराचा स्वर ढळू नये म्हणून ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेदपाठ जपला, त्या समाजाला कोमल गंधाराखालची एक रेघ जपणे जड जाऊ नये. आपल्या हातून छापले जाणारे प्रत्येक पान या कसोटीला उतरो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.