दिसत नाही ते दाखवण्याचा हुन्नर



मलकापूर-कराडच्या या वसंत व्याख्यानमालेत सिनेमाचा विषय ठेवला की श्रोत्यांना नटनट्यांचे किस्से ऐकायचे असतात. ते मला फारसे येत नाहीत. मी आज सुरुवात करणार आहे वाटाण्याच्या रोपापासून. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण त्याच्या आधी, १९१२ साली, फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. तिच्यात राजा नव्हता, राणी नव्हती. कुंडीत पेरलेला वाटाणा उगवतो, वर येतो, वेल होतो, एवढंच. 'अंकुराची वाढ' हे तिचं नाव.

ही फिल्म घेतली कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा आणि सेकंदाला साधारण सोळा चित्रं टिपायची. मिनिटाला झाली ९६०. फाळक्यांनी कॅमेरा कुंडीसमोर पक्का बसवला आणि एका वेळी एकच चित्र घेत गेले. सुमारे महिनाभर हे चाललं. महिन्याची वाढ जेमतेम मिनिटभरात बसली आणि पडद्यावर वाटाणा भराभर वर चढू लागला. आपल्या या भागात शेतकरी उभा जन्म पिकाकडे बघण्यात घालवतो, पण कोंब सरकताना त्यालाही दिसत नाही. सकाळी बघावं तर वाढलेला असतो, इतकंच. फाळक्यांनी ते सरकणं दाखवलं. ही फिल्म पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी असलेले नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. हरिश्चंद्राला भांडवल मिळवून दिलं ते या रोपाने.

आता या माणसाचं आधीचं आयुष्य पाहा. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटोग्राफी. गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. रतलामला जाऊन तीनरंगी ब्लॉक करायला शिकले. जादूचे प्रयोग केले, तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. आडनाव उलटं वाचा, म्हणजे उलगडा होईल. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारे म्हणून लागले. स्वदेशीचं वारं आलं तशी सरकारी नोकरी सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला. १९०९ साली छपाईचं नवं तंत्र पाहायला जर्मनीला गेले. परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं आणि छापखान्यातूनही बाहेर पडले.

घरात असा मुलगा असता तर आपण काय म्हटलं असतं? 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' चाळिशी उलटली तरी धंद्याचा पत्ता नाही! मीही फाळक्यांकडे बरीच वर्षं असंच पाहत होतो, की बिचारा धडपड्या माणूस, शेवटी सिनेमात सापडला एकदाचा. आज मला वाटतं की या चिंध्या मुळात एकाच कापडाच्या होत्या. माणूस आयुष्यभर एकाच प्रश्नामागे होता: डोळ्यांना जे दिसत नाही, ते दाखवायचं कसं?

एकेक हुन्नर घेऊन तपासू. तीनरंगी ब्लॉक म्हणजे काय? समोरच्या चित्रातले रंग काचेच्या गाळणीतून तीन मूळ रंगांत वेगळे करायचे, प्रत्येकाचा ठसा निराळा करायचा आणि कागदावर एकावर एक छापायचे. म्हणजे आपल्याला सबंध दिसणाऱ्या चित्राच्या आत काय आहे, ते उकलून पाहायचं. पुरातत्त्वाचं काम घ्या. इथून आगाशिवाचा डोंगर दिसतो. त्याच्या पोटात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. आपण सहलीला जातो, डबा खातो, उतरतो. पुरातत्त्वाचा छायाचित्रकार तिथे उभा राहतो तेव्हा त्याला पडलेल्या खांबावरून उभा खांब मनात रचावा लागतो. गेलेला काळ दिसत नाही. त्याच्या उरलेल्या खुणांवरून तो दाखवायचा असतो. फाळक्यांनी हे काम पगार घेऊन, रोजच्या रोज केलं. पुराणातले वाडे आणि दरबार पडद्यावर उभे करणाऱ्या माणसाचं ते प्रशिक्षणच होतं.

आणि जादू? जादूगाराला ठाऊक असतं की प्रेक्षकाचं लक्ष कुठे आहे आणि कुठे नाही. सिनेमात तेच यंत्राने करता येतं. कॅमेरा थांबवा, नट बाजूला करा, पुन्हा चालू करा, की माणूस अंतर्धान पावला. तीच फिल्म दोनदा उजळा, की एका चौकटीत दोन दृश्यं. १९१७ च्या 'लंकादहना'त मारुती उडाला तो या विद्येच्या जोरावर. त्याच चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या 'कालियामर्दना'त फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. देव दिसत नाहीत, भूतकाळ दिसत नाही, अंकुराचं वाढणं दिसत नाही. तिन्ही गोष्टी या माणसाने एकाच पेटीतून दाखवल्या. आगकाड्या आपोआप हलतात अशी फिल्म त्यांनी केली, तळेगावच्या काच कारखान्यावर केली, आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारीही केली.

हे सगळं एकट्याचं कर्तृत्व म्हणून सांगितलं जातं, तिथे थोडं थांबू. फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओत काम पाहिलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन एप्रिलमध्ये परतले. कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोकं न पाडलेली यायची. ती अंधारात, हाताने यंत्र चालवून पाडायची. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. फिल्म धुणं त्यांनी केलं, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड वळवला, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, दागिनेही दिले. नवऱ्याला हजार गोष्टींत रस असावा हे ऐकायला गोड वाटतं. त्याची किंमत घरात कोण मोजतं, तेही बोललं पाहिजे.

आता माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू. फाळक्यांचे सगळे छंद डोळ्यांचे होते. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. खराखुरा बोलपट त्यांनी एकच केला, 'गंगावतरण', १९३७ साली कोल्हापूरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा चित्रपटसृष्टी फार पुढे निघून गेली होती. याला मी नशीब म्हणणार नाही. त्यांचा जो प्रश्न होता, त्यात आवाजाला जागाच नव्हती.

शेजारच्या कोल्हापुरात काय झालं, ते याच्याजवळ ठेवून पाहा. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी आणि विष्णुपंत दामल्यांनी कॅमेरा स्वतः घडवला. १९२० साली 'सैरंध्री' काढला, १९२३ साली 'सिंहगड' आणि १९२५ साली 'सावकारी पाश'. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ही गोष्ट. फाळक्यांनी देव दाखवले, बाबूरावांनी गावात सगळ्यांना ठाऊक असून कुणी न बोललेलं दुखणं दाखवलं. आणि दामले? रंग-ब्रश आणि कॅमेऱ्याची पेटी हाताळलेला हा माणूस प्रभात फिल्म कंपनीत ध्वनिमुद्रणाकडे वळला, कानाची विद्या नव्याने शिकला. सहदिग्दर्शक फत्तेलालांबरोबर त्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' केला, त्याचा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. तुकोबांचं वैकुंठगमन त्यात युक्तीनेच दाखवलं आहे, पण त्याआधी अभंग कानात बसलेला असतो, म्हणून ते पटतं.

यातून तरुण मंडळींनी काय घ्यावं? 'सगळ्यात रस घ्या' हा उपदेश मी करणार नाही. आज फोन उघडला की तासाभरात लेणी, वाघ, इंजिन आणि सिनेमा, सगळ्यात रस घेऊन होतो. फाळके, पेंटर, दामले यांनी रस घेतला तो हात मळेपर्यंत. ब्लॉक शिकायचा तर रतलाम गाठलं, कॅमेरा हवा तर स्वतः घडवला. हाताला आलेलं एक काम दुसऱ्या कामात उपयोगी पडतं. नुसतं पाहिलेलं उद्या विसरतं. दुसरी गोष्ट, आपला प्रश्न कोणता ते ओळखा. प्रश्न सापडला की दहा छंदही एका दिशेने चालतात. तिसरी, तो प्रश्न जुना झाला तर दामल्यांसारखं नव्याने शिकायला बसा.

फोनमधला टाइम-लॅप्स आज बटण दाबलं की रोप वाढवून दाखवतो. म्हणून एक काम सांगून थांबतो. प्रीतिसंगमाच्या घाटावर एक जागा ठरवा आणि वर्षभर रोज त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून कृष्णा-कोयनेचं एक चित्र घ्या. उन्हाळ्यात पाणी कुठे होतं, पावसाळ्यात कुठवर चढलं, वाळू कुठून गेली, कचरा कुठे साचला, हे ३६५ चित्रं एकापाठोपाठ चालवलीत की अर्ध्या मिनिटाच्या आत कळेल. नदीचं काय होतंय यावर आपण दर उन्हाळ्यात भांडतो. पुढच्या वर्षी याच मांडवात भांडणाआधी ती फिल्म दाखवा. मी पाहायला येईन.