पाऊस बाहेर, खेळ घरात



१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. आपल्या मढच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्यावर ताडपत्र्या चढतात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. मोठ्या माणसांच्या हातांना काम असतं. मुलांच्या हातांना काय असतं?

पावसामुळे शाळेला सुट्टी मिळाली, की मुलांचे पाय भरती बघायला किनाऱ्याकडे वळतात. पावसाळ्यातला समुद्र कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. आक्शाच्या किनाऱ्यावर माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण ऐकतोच. गल्लीत साचलेल्या पाण्यात लेप्टोची भीती. म्हणून आपण म्हणतो, "बाहेर जायचं नाही," आणि हातात मोबाईल देतो. पण नुसतं 'नाही' म्हणून मूल किती वेळ घरात टिकणार? त्याला करायला काहीतरी हवं. त्यासाठी विकतची खेळणी लागत नाहीत.

आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेला बोर्डी गाव आहे. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. मुलं त्यांवरच मोजायला, जुळवायला, रचायला शिकली. आपल्या घरात यातलं काय नाही?

आता चार खेळ सांगते.

पहिला, कागदाच्या होडीचा. परातीत पाणी घ्या. सारख्या मापाच्या कागदांच्या दोन होड्या करा, एक अरुंद, एक पसरट. एकेक चिंचोका ठेवत जायचं. कोणती होडी जास्त माल घेते? सगळे चिंचोके एका कडेला ठेवले तर काय होतं? उत्तर आपण सांगायचं नाही. होडी कलंडली की मूल स्वतःच माल मधे सरकवतं. आजोबा जवळ असतील तर त्यांना विचारू द्या, बोटीत बर्फ आणि मासळी कुठे भरतात ते.

दुसरा, पागोळ्यांचा. पत्र्याच्या कडेखाली स्टीलचा डबा, प्लास्टिकची बादली, करवंटी मांडा. मुलांनी आत बसून डोळे मिटायचे आणि थेंब कशात पडतोय ते ओळखायचं. लहानग्यांनाही हा जमतो.

तिसरा, पाऊस मोजायचा. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. विजा कडाडत असतील तर थांबा. रोज ठरलेल्या वेळी डबा आत आणायचा, पट्टीनं पाणी मोजायचं, कॅलेंडरवर आकडा लिहायचा आणि डबा रिकामा करायचा. मग भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटीमीटरवर खडूची रेघ मारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, म्हणजे जवळजवळ त्या रेघेइतका. धाकट्याला रेघेशेजारी उभं करा. ती रेघ पाहिल्यावर मुसळधार पावसात आपण त्यांना का थांबवतो, ते मुलांना जास्त समजावं लागत नाही.

चौथा, अष्टाचल्लस. चिंचोके मधोमध फोडले की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. असे चार अर्धे हेच फासे. चारही पांढरे वर आले तर चार, चारही तपकिरी आले तर आठ. फरशीवर खडूनं पाच बाय पाचची घरं आखा. नियम घरातल्या आजीला विचारा. आजीचे नियम शेजारच्या आजीपेक्षा वेगळे निघतील आणि त्यावर भांडणंही होतील. होऊ द्या.

दिवे गेले तर बॅटरी आणि भिंत आहेच. हातांच्या सावल्यांचा बोंबील करा, खेकडा करा, आणि मुलांना त्यांची गोष्ट रचू द्या.

थोडी काळजी घ्यायची. तीन वर्षांच्या आतल्या मुलांजवळ चिंचोके आणि बारीक शिंपले ठेवू नका, ती तोंडात घालतात. परातीतलं पाणी खेळ संपताच ओतून टाका. दोरीचा खेळ असेल तर दोरी गळ्याभोवती जाणार नाही एवढं बघा.

तुम्ही म्हणाल, आम्हाला वेळ कुठे आहे? सुकी मासळी घेऊन बाजारात जायचं, पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा. खरं आहे. पण पहिली दहा मिनिटं जवळ बसा, मग मुलं खेळ पुढे नेतात. तुम्ही बाजारात असताना लहानग्यांजवळ मोठं माणूस मात्र हवंच. पसारा होईल, फरशी ओली होईल. ती पुसायचं कामही मुलांनाच द्या, तोही त्यांना खेळच वाटतो.

नारळी पौर्णिमेपर्यंत पावसाचे बरेच दिवस काढायचे आहेत. आज संध्याकाळी निदान परातीत एक होडी सोडून बघा.